हिमाच्या दिवसांत परसातील कोंबड्या

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा जो काळ सुरू होतो, त्याला तेथील लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्याच्यामागून वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ व शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. आणि हे सत्तर दिवस सरेपर्यंत खेड्यापाड्यांतील जीवन बहुतांशी घराच्या भिंतींच्या आतच चालते. २०२४ साली २१ डिसेंबरच्या पहाटे श्रीनगरचे उष्णतामान उणे ८.५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरले होते. डिसेंबर महिन्यातील इतकी थंड रात्र तेथे पन्नास वर्षांत झाली नव्हती. नळांतील पाणी गोठले, दल सरोवराच्या काठाशी बर्फाचा पापुद्रा धरला. अशा रात्री माणसे अंगात फेरन घालून आणि फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. परसातील खुराड्यात बसलेल्या आठ-दहा कोंबड्यांना मात्र ना फेरन, ना कांगडी.

या कोंबड्यांचे मोल त्यांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. खेड्यातील परसात पाळलेल्या कोंबड्या ही बहुधा घरातील स्त्रीच्या देखरेखीखालची मिळकत असते. अंड्यांचे चार पैसे तिच्या हाती येतात आणि मुलांच्या ताटात पौष्टिक अन्न पडते. त्यातून हिवाळ्यात जम्मूहून येणारा राजमार्ग हिमवर्षावामुळे किंवा दरडी कोसळल्यामुळे बंद पडला, की मैदानी प्रदेशांतून येणाऱ्या कोंबड्यांच्या व अंड्यांच्या गाड्या वाटेतच अडकतात आणि बाजारातील भाव चढतात. नेमक्या याच दिवसांत घरच्या कोंबड्या अंडी देण्याचे थांबवितात, काहींचे तुरे काळे पडतात, आणि एखाद्या सकाळी खुराड्याचे दार उघडावे तो दोन कोंबड्या मरून पडलेल्या आढळतात. ‘थंडीने मेल्या,’ असे सगळेच म्हणतात. त्या रात्री खुराड्याच्या उरल्यासुरल्या फटी चिंध्या व गवत कोंबून बुजविल्या जातात. मायेपोटी केलेला हा उपायच पुष्कळदा कोंबड्यांच्या जिवावर उठतो. निरोगी व अंगभर पिसे असलेली कोंबडी कोरड्या थंडीने सहसा मरत नाही. तिचा घात करते ती खुराड्यात कोंडलेली ओल.

उष्ण वनांतील पक्षी

वास्तविक कोंबडी हा थंड प्रदेशातील पक्षी नव्हे. तिचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा आजही हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, ईशान्य भारतात, म्यानमारात व थायलंडच्या अरण्यांत बांबूच्या जाळ्यांतून चरताना दिसतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार माणसाळलेल्या कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष मध्य थायलंडमधील एका प्राचीन वसाहतीत सापडले असून ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. भातशेतीमुळे पडलेले दाणे टिपण्यासाठी हे पक्षी मनुष्यवस्तीजवळ आले असावेत, असे संशोधकांचे मत आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या परिचयाचा करडा रानकोंबडा ही जात निराळी. परंतु बहुसंख्य पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग तिच्याच रक्तातून आला आहे, हे २००८ साली आनुवंशिक परीक्षणाने दिसून आले.

अशा उष्ण वनांतील पक्ष्याने हिमात तग धरावा, हे नवलाचे वाटेल. कोंबडीच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ४१ अंश असते. बाहेर उणे ८ अंश थंडी पडली, तर तिच्या रक्तात आणि बाहेरच्या हवेत जवळजवळ पन्नास अंशांचे अंतर पडते. दोन बोटे जाडीच्या पिसांच्या आवरणाने ती हे अंतर रात्रभर राखते. पिसांच्या मुळाशी सूक्ष्म स्नायू असतात. थंडी वाजू लागताच ते आखडतात, पिसे उभी राहतात, आणि त्यांच्या आत निश्चल हवेचा एक थर अडकून राहतो. उष्णतेला अडविणारी वस्तू पीस ही नसून पिसांत अडकलेली ही कोरडी हवा होय. म्हणूनच थंडीत कोंबडी चेंडूसारखी गोल दिसते. ती आजारी आहे, असा नवख्याचा समज होण्याचा संभव असतो. परंतु दिवसा चपळपणे चरणारी कोंबडी संध्याकाळी फुगून बसली, तर त्यात काळजीचे कारण नाही.

पायांवर पिसे नसतात. तेथे निसर्गाने वेगळी युक्ती योजिली आहे. शरीरातून पायांकडे जाणारे ऊन रक्त वाहणाऱ्या धमन्या आणि पायांकडून परतणारे गार रक्त वाहणाऱ्या शिरा एकमेकींना खेटून जातात. खाली जाणारे रक्त आपली उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पाय थंड राहतात, पण शरीराची उष्णता पायांवाटे निघून जात नाही. रात्री दांडीवर बसल्यावर कोंबडी पोटाच्या पिसांनी पावले झाकून घेते आणि चोच पंखाखाली खुपसते. यासाठी बसण्याची दांडी बोटाएवढी बारीक असू नये. ती सुमारे पाच सेंटिमीटर रुंद, वरून सपाट व कडांना गोलसर असावी. बारीक दांडीभोवती कोंबडीला बोटे वळवून धरावी लागतात व ती पिसांबाहेर उघडी राहतात. लोखंडी नळीची दांडी तर मुळीच उपयोगाची नाही.

उरला तुरा व चोचीखाली लोंबणारे लाल मांसल लोलक. उन्हाळ्यात हेच अवयव शरीरातील जादा उष्णता बाहेर टाकतात, कारण कोंबडीला घाम येत नाही. हिवाळ्यात मात्र तेच तिचे वर्मस्थान ठरते. मोठा, करवतीसारखा उभा तुरा असलेल्या जातींना हिमदंश लवकर होतो. बुटक्या, डोक्याला चिकटलेल्या तुऱ्याच्या जाती त्यातून बचावतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी १९०८ च्या सुमारास निरनिराळ्या जातींचा संकर करून ‘शांतक्लेर’ नावाची जी कोंबडी तयार केली, तिच्यात त्यांनी हाच गुण मुद्दाम साधला. तिचा तुरा उशीसारखा बसका असून लोलक जवळजवळ नाहीतच. काश्मीरमध्येही ‘काश्मीर फॅव्हरोला’ ही स्थानिक जात असून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संसाधन केंद्राने देशी जातींच्या नोंदीत तिचा समावेश केला आहे. अलीकडे हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयात निर्माण झालेली ‘वनराजा’ ही जातही खोऱ्यातील परसांत दिसू लागली आहे. ती आकाराने मोठी असते व अंडीही अधिक देते. परंतु खुराडे बेतताना तिच्या अंगाचा विचार करावा लागतो. देशी कोंबड्यांसाठी बांधलेल्या जागेत तितक्याच वनराजा कोंबड्या दाटीवाटीने भरणे हे संकटाला आमंत्रण होय.

कोंडलेला श्वास

एका कोंबडीच्या शरीरातून सुमारे आठ ते दहा वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. म्हणजे पाच कोंबड्या मिळून जुन्या पद्धतीच्या एका लहानशा विजेच्या दिव्याइतकी ऊब देतात. खुराडे बंद केले तर ही ऊब आत राहील, हा विचार येथवर बरोबर आहे. पण ऊब एकटी राहत नाही.

कोंबडी दिवसाला साधारणतः पाव लिटरच्या आतबाहेर पाणी पिते. अंडे देणारी असेल तर त्यातील थोडा भाग अंड्यात जातो. बाकीचे सर्व पाणी श्वासावाटे व विष्ठेवाटे बाहेर येते. कोंबडीला निराळे मूत्र नाही, त्यामुळे तिच्या ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते. दहा कोंबड्यांमागे रोज एक लिटरहून जास्त पाणी या मार्गांनी बाहेर पडते, आणि हिवाळ्यातील चौदा तासांच्या रात्री त्याचा मोठा वाटा खुराड्यातच सांडतो. हे पाणी जाणार कोठे? उष्णतामान २० अंश असता एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते; १० अंशांवर ९ ग्रॅमच्या आसपास; शून्य अंशावर तर जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे दोन घनमीटरांच्या लहानशा खुराड्यातील हवा शून्य अंशावर दहा ग्रॅमपेक्षा अधिक बाष्प धारण करूच शकत नाही; आणि दहा कोंबड्या केवळ श्वासानेच तेवढे बाष्प अर्ध्या-पाऊण तासात बाहेर टाकतात. पुढचे सारे बाष्प छपराच्या आतल्या बाजूस, भिंतींवर, दांड्यांवर आणि शेवटी कोंबड्यांच्या तुऱ्यांवर व पिसांवर दहिवरासारखे जमते. सकाळी खुराड्याच्या पत्र्यावर आतून बर्फाची नक्षी दिसली, तर रात्री आत काय झाले हे निराळे सांगावयास नको.

ओल्या पिसांतील हवेचा थर मोडतो आणि त्यांचे उष्णता अडविण्याचे सामर्थ्य जाते. ओल्या तुऱ्यावरील पाणी वाळताना आणखी उष्णता ओढून घेते, आणि जी थंडी कोरड्या तुऱ्याने सोसली असती, त्याच थंडीत ओला तुरा गोठतो. प्रथम त्याची टोके पांढुरकी व निर्जीव दिसतात, काही दिवसांनी काळी पडून झडतात. अशा तुऱ्याला चोळू नये किंवा विस्तवाजवळ धरू नये. पक्ष्यास कोरड्या जागी हलवून तुरा आपोआप कोमट होऊ द्यावा. हिमदंश झालेला कोंबडा काही आठवडे प्रजोत्पादनास निकामी होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवणे जरूर आहे.

ओलीबरोबर दुसरे संकट येते. विष्ठेतील यूरिक आम्लावर सूक्ष्म जीवाणूंची क्रिया होऊन अमोनिया वायू सुटतो, आणि खालचे अंथरूण जितके ओले, तितकी ही क्रिया जोरात चालते. हवेच्या दहा लक्ष भागांत अमोनियाचे वीस-पंचवीस भाग झाले की माणसाच्या नाकाला त्याचा उग्र दर्प जाणवतो, आणि एवढ्या प्रमाणातच तो कोंबड्यांचे डोळे व श्वासमार्ग यांना इजा करू लागतो. श्वासनलिकेत धूळ व रोगजंतू अडविणारे जे नाजूक केसर असतात, ते दुबळे होतात आणि साध्या सर्दीचे रूपांतर प्राणघातक दुखण्यात होते. याची परीक्षा उभ्याने करू नये. खाली बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर ज्या प्राण्याने तेथे चौदा तास काढले त्याची कल्पना येईल.

थंड मुलखातील लोकांना हा धडा सहजासहजी मिळाला नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात हिवाळा काश्मीरपेक्षाही कडक असतो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंबड्यांसाठी उबदार, घट्ट बंद व काही ठिकाणी शेगडीने तापविलेली घरे बांधण्याची प्रथा होती. त्या राज्याच्या कृषी प्रयोगकेंद्रातील जी. एम. गोवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही रीत सोडून दिली व दर्शनी बाजूस भिंतीऐवजी कापडी पडदा असलेली घरे उभारली. दिवसा पडदा वर केलेला असे. वादळी हवेत व कडक थंडीच्या रात्री तेवढा तो सोडीत. कापडातून हवा खेळत राही. पक्ष्यांना रात्री बसण्यासाठी मागच्या भिंतीशी आडोसा केलेला असे. या थंड पण कोरड्या घरांतील कोंबड्या उबदार घरांतील कोंबड्यांपेक्षा अधिक निरोगी राहतात, असे दिसून आले आणि पुढे अशा मोकळ्या घरांचा त्या देशात पुष्कळ प्रसार झाला.

महाराष्ट्रातील वाचकांना हिमाची कल्पना करणे कठीण असले, तरी ओलीची नाही. कोकणात आषाढ-श्रावणात बंद खुराड्यातून जो वास येतो आणि कोंबड्या ज्या रीतीने मलूल होतात, त्यामागील कारण हेच आहे; फरक इतकाच की काश्मीरमध्ये ती ओल गोठते.

हवा खेळवावयाची म्हणजे वारा अंगावर घ्यावयाचा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. बसलेल्या कोंबडीच्या पातळीवर वाऱ्याचा झोत आला, तर पिसे विस्कटतात व त्यांतील ऊब उडून जाते. म्हणून खालच्या फटी बंद कराव्या आणि छपराच्या लगत, कोंबड्यांच्या डोक्यांपेक्षा बऱ्याच उंचीवर, वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूस झरोके ठेवावे. त्यांना बारीक जाळी बसवावी. उबट, दमट हवा हलकी असल्याने वर चढून तेथून निघून जाते. बाहेरची थंड हवा आत येऊन किंचित तापली की तिची बाष्प शोषण्याची शक्ती वाढते व ती खुराडे सुकविते. गोठलेल्या रात्रीची हवा खुराडे कोरडे करते, हे विधान ऐकताना विचित्र वाटते. पण वर दिलेले आकडे पाहिले म्हणजे पटते.

लडाखशी तुलना केली की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हिवाळ्याच्या रात्री श्रीनगरपेक्षा कितीतरी थंड असतात. पण हवा कोरडी असते व दिवसा आकाश निरभ्र राहून ऊन पडते. श्रीनगरच्या आकाशात मात्र दिवसचे दिवस ढग व धुके. लेह येथील संरक्षण खात्याच्या उच्चभूमी संशोधन संस्थेने भाजीपाल्याबरोबरच कुक्कुटपालनाचेही प्रयोग केले आहेत. तेथे दक्षिणाभिमुख काच किंवा प्लॅस्टिकच्या आवरणातून ऊन आत घेऊन ते जाड मातीच्या भिंतीत साठविता येते. तेथील खरी अडचण निराळी आहे. विरळ हवेत प्राणवायू कमी असल्याने उबवणीच्या अंड्यांतील पुष्कळ गर्भ पिल्ले होण्यापूर्वीच दगावतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या मांसल जातींच्या हृदयावर ताण पडून त्यांच्या पोटात पाणी साचते.

विस्तवाचा मोह मात्र सर्वत्र सारखाच. खुराड्यात कांगडी ठेवणे, कोळशाची शेगडी पेटविणे किंवा तापणारा विजेचा दिवा टांगणे हे तिन्ही उपाय टाळावे. भुसा, गवत व पिसे यांनी भरलेल्या जागेत एक ठिणगी पुरते; आणि खुराडे घराला लागून असेल तर आग घरापर्यंत येते. धुमसणाऱ्या कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोल्यांत त्याने माणसेही मरतात, तेथे कोंबड्यांची काय कथा? याला अपवाद फक्त पिल्लांचा. अंगावर लव असलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. त्याला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास उबारा लागतो व तो पुढे आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करावयाचा असतो. म्हणून ऐन हिवाळ्यात पिल्ले आणूच नयेत, हे उत्तम.

गादी, पाणी आणि दाणा

खुराड्याच्या जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा कोरडा भुसा किंवा बारीक चिरलेला पेंढा यांचा वीतभर थर घालावा. काश्मीर हा भातपिकाचा प्रदेश असल्याने तूस सहज मिळते. ही ‘गादी’ शरद ऋतूतच घालावी, बर्फ पडू लागल्यावर नव्हे. विष्ठा तिच्यात मिसळत जाते, जीवाणू तिचे विघटन करतात आणि त्या क्रियेतून मंद उष्णता निर्माण होते. दर दोन-तीन दिवसांनी गादी दाताळ्याने उलथीपालथी करावी. संध्याकाळी तिच्यावर मूठभर दाणे फेकले, तर दाण्यांच्या आशेने कोंबड्या स्वतःच हे काम बऱ्याच अंशी करतात. गादी योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी मूठभर तूस हातात दाबावे. मूठ उघडल्यावर ते सुटे झाले तर ठीक. गोळा राहिला तर ती ओली झाली आहे, तेव्हा ओला भाग काढून नवे तूस घालावे.

पाण्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. भोवती बर्फच बर्फ असताना कोंबडी तहानलेली राहू शकते, हे लक्षात येत नाही. ती बर्फ टोचून खाते खरी, पण ते वितळविण्यास तिला स्वतःची ऊब खर्चावी लागते व तहानही पुरती भागत नाही. पाणी कमी पडले की ती दाणा कमी खाते, आणि दाणा कमी खाल्ला की ऊब कमी होते. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाणी देणे व रात्री भांडे बाहेर काढून पालथे करणे, हा साधा उपाय यंत्रांपेक्षा भरवशाचा आहे. भांडे रबराचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असले तर त्यातील बर्फ ठोकून काढता येतो. पाणी गादीवर सांडू नये म्हणून ते शक्यतो खुराड्याबाहेर, आडोशाला ठेवावे.

पूर्ण वाढलेल्या अंड्यावरील कोंबडीला एरवी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य पुरते. उष्णतामान १८ अंशांखाली जाऊ लागले, की शरीर तापते ठेवण्यासाठी तिला अधिक लागते. कडक थंडीत दहा-पंधरा टक्क्यांनी तरी वाढ धरावी. उन्हाळ्यात परसात चरून मिळणारे किडे, गवत व बी-बियाणे बर्फाखाली गाडले गेलेले असतात. संध्याकाळी मका किंवा इतर अख्खे धान्य द्यावे. ते गळ्याखालच्या अन्नपिशवीत साठते आणि रात्रभर थोडे थोडे पचून ऊब पुरविते. परंतु नुसत्या मक्यावर भागत नाही. शरद ऋतूत जुनी पिसे झडून नवी येतात आणि पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचेच बनलेले असते. त्या दिवसांत पेंड, मासळीची कुटी, डाळींचा चुरा यांपैकी काही मिळाले नाही, तर कोंबडी अर्धवट पिसांनिशी हिमाला सामोरी जाते. अशी कोंबडी मात्र खरोखरच थंडीने मरू शकते.

आणखी दोन बारीक गोष्टी. कोंबडीला दात नाहीत. ती गिळलेल्या खड्यांच्या साह्याने पोटातील जाड स्नायूंच्या पेषणीत दाणे दळते. जमीन बर्फाने झाकली की तिला खडे मिळत नाहीत, तेव्हा एका मडक्यात जाड वाळू ठेवावी. आणि हिरवा पाला. काश्मिरी स्त्रिया हिवाळ्यासाठी भाज्या वाळवून ठेवतात. त्यांतील हाकाची जून पाने व देठ भिजवून कोंबड्यांना दिले, तर त्यांच्या पोटात थोडातरी हिरवा पाला जातो.

अंडी का थांबतात?

अंडी थांबण्याचा दोष सामान्यतः थंडीवर ढकलला जातो. परंतु मुख्य कारण आहे प्रकाश. श्रीनगर ३४ अक्षांशावर असल्याने तेथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे दहा तासांचाच असतो, तर जूनमध्ये चौदा तासांहून थोडा मोठा. मुंबईत हाच सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या जवळपास भरतो. कोंबडीच्या अंडाशयाला चालना मिळण्यास साधारणतः चौदा तासांचा प्रकाश लागतो, आणि गंमत अशी की हा प्रकाश ती केवळ डोळ्यांनीच पाहत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी १९३० नंतरच्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखविले, की दृष्टी नाहीशी केलेल्या पक्ष्यांवरही प्रकाशाचा परिणाम होतो. कवटीच्या पातळ हाडातून पार होणारा प्रकाश मेंदूच्या तळाशी असलेल्या संवेदनशील पेशींपर्यंत पोहोचतो, तेथून पोष ग्रंथीला संदेश जातो व ती अंडाशयाला जागे करणारे स्राव रक्तात सोडते. दिवस लहान होत गेले की हा संदेश मंदावतो, अंडी थांबतात आणि पिसे झडू लागतात. हा रोग नव्हे; विणीच्या हंगामापूर्वीची विश्रांती होय.

पहाटे दोन-चार तास लहानसा दिवा लावून दिवस लांबविता येतो. दिवा पहाटेच लावावा. संध्याकाळी लावून एकदम मालविला, तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकून पडतात, दांडीवर चढू शकत नाहीत. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरे. मोठ्या कुक्कुटशाळेला हे आवश्यकच आहे; पण ज्या घरी सहा कोंबड्या आहेत आणि वीज वेळी-अवेळी जाते, तेथे या खटाटोपात फारसा अर्थ नाही. प्रकाश एक दिवस मिळाला व दुसऱ्या दिवशी नाही, तर अवेळी पिसे झडण्याचा धोका संभवतो. त्यापेक्षा दरवर्षी वसंतात उबविलेल्या काही तलंगा कळपात राखाव्या. त्या शरदाच्या सुमारास अंड्यावर येतात व पहिल्या वर्षी त्यांची पिसे सहसा पूर्णपणे झडत नाहीत, त्यामुळे थोडी का होईना, अंडी चालू राहतात. ती दुपारपूर्वीच गोळा करावी. गोठलेल्या अंड्याचे कवच तडकते.

रोग व पाहुणे पक्षी

हिवाळ्यात कोंबड्या एकत्र दाटून राहतात आणि संसर्गाला वाट मिळते. त्यांतील सर्वांत भयंकर रोग राणीखेत, ज्याला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणतात. १९२६ साली तो जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ओळखला गेला व त्याच सुमारास कुमाऊंमधील राणीखेत येथेही आढळला. तेथून जवळच मुक्तेश्वर येथे पशुरोगांची प्रयोगशाळा होती. हीच संस्था १८८९ साली पुण्यात स्थापन होऊन १८९३ मध्ये हिमालयाच्या थंड हवेत हलविण्यात आली होती. १९४० नंतरच्या दशकात मुक्तेश्वर येथे तयार झालेल्या लसीने भारतातील असंख्य कळप वाचविले आहेत. पिल्लांना पहिली लस पहिल्या आठवड्यात व पुढची साधारणतः आठव्या आठवड्यानंतर देतात. ती हिवाळ्यापूर्वीच उरकलेली असावी. रोग घरात शिरल्यावर तिचा उपयोग होत नाही.

दुसरे भय आकाशातून येते. मध्य आशियातील लाखो बदके व हंस हिवाळ्यात काश्मीरच्या पाणथळींवर उतरतात. २०२० च्या डिसेंबर अखेरीस हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर पट्टकदंब हंस मोठ्या संख्येने मरू लागले व तपासाअंती ते बर्ड फ्लूचे बळी ठरले. पुढील महिन्यात महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील पक्ष्यांत हा रोग आढळला. जेथे रानबदके उतरतात त्या पाण्यावर परसातील कोंबड्या सोडू नयेत, आणि पुष्कळ पक्षी एकाएकी मेले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. याखेरीज बर्फाने भुकेले झालेले कोल्हे, खोकड व रानमांजरे खुराड्याभोवती घुटमळतातच. रात्री कडी लावली की नाही हे पाहण्यास विसरू नये.

फेब्रुवारीच्या अखेरीस ‘चिल्लई बच्चा’ ओसरते. तोवर दिवस अकरा तासांच्या पुढे गेलेला असतो. फिकट पडलेले तुरे पुन्हा लाल होऊ लागतात, कोंबडा पहाटे अधिक जोराने आरवतो, आणि एके दिवशी कोपऱ्यातील तुसाच्या खळग्यात पहिले अंडे दिसते. एप्रिलपर्यंत एखादी कोंबडी खुडूक होऊन बसते. तिच्याखाली दहा-बारा अंडी मांडली की एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. खुराड्यातील हिवाळाभराची गादी याच सुमारास उपसून काढावी. ती काही आठवडे ढीग करून कुजू द्यावी व मग हाकाच्या वाफ्यात घालावी. ताजी घातली तर रोपांची मुळे जळतात.